राखाडी बंपर आणि हीट गन

वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा बिनरंगाचा काळा बंपर, चाकांवरची कड, वायपरखालची जाळी हळूहळू राखाडी पडते. मग कुणीतरी व्हिडिओ दाखवतं: हीट गन फिरवली आणि पट्टा काळाभोर झाला! व्हिडिओ खोटा नसतो. सोबतचं स्पष्टीकरण मात्र बहुधा चुकीचं असतं.

सगळ्यांचा लाडका समज म्हणजे, उष्णतेनं प्लास्टिकच्या पोटातलं ‘तेल’ वर येतं. असं काही होत नाही. हे भाग बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि काळा रंग त्या प्लास्टिकमध्येच मिसळलेला असतो. अतिनील किरणांनी वरची साल बारीक तडकते, त्या खडबडीतपणावर प्रकाश विखुरतो आणि बंपर पांढुरका दिसतो. पटत नसेल तर ओलं फडकं फिरवा. पाणी भेगांत भरलेलं असेपर्यंत तो काळा दिसेल, वाळला की पुन्हा जैसे थे. हीट गन तीच साल किंचित वितळवून सपाट करते.

म्हणूनच ‘एकदा केलं की कायमचं झालं’ हेही खरं नाही. उन्हापासून वाचवणारी जी द्रव्यं कारखान्यात प्लास्टिकमध्ये घातलेली असतात, ती झिजली की परत येत नाहीत. नंतर ऊनरोधक लेप लावला नाही तर राखाडी रंग पुन्हा येणारच. दरवर्षी गन फिरवली तर बंपरवरची मूळ दाणेदार नक्षीही पुसट होत जाते.

‘घरातला हेअर ड्रायर पुरेल’? नाही. पॉलिप्रॉपिलीन सुमारे 160 अंशांना वितळतं, ड्रायर तिथवर पोहोचत नाही. उलट हीट गनच्या तोंडाशी 500 अंशांहून जास्त तापमान असू शकतं, त्यामुळे ‘जितकी गरम तितकी बरी’ हे तर त्याहून घातक. तापमान कमी-जास्त करता येईल अशीच गन घ्या. बंपर धुऊन कोरडा करा, नजरेआडच्या कोपऱ्यावर आधी करून पाहा आणि हात सतत हलता ठेवा. क्रोमची जाळी आणि रंगवलेला बंपर यांच्या वाटेला जाऊ नका. वायपरखालची जाळी काढता येत असेल तर काढूनच तापवा, कारण झोत काचेच्या एकाच कोपऱ्यावर बसला तर काच तडकू शकते. डॅशबोर्डवर तर गन नकोच. तिथे एअरबॅग असते.

विजेचा विचार फारसा कुणी करत नाही. 2000 वॅटची गन 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर खेचते. मोबाइल चार्जरचा 6 अँपिअरचा सॉकेट तिच्यासाठी नाही. गीझरचा 16 अँपिअरचा हवा. गुंडाळलेली बारीक एक्स्टेन्शन वायर तर अजिबात नको. काम उघड्यावर करा, जवळ पेट्रोल किंवा थिनर ठेवू नका. शेवटी गन थंड हवेवर थोडा वेळ चालवा. बंद केल्यावरही तिचं तोंड बराच वेळ हात भाजण्याइतकं तापलेलं असतं.