आपोआप वाजणारा पियानो आणि त्याचा कारागीर

बाकावर कोणी बसलेलें नाहीं आणि तरीहि पियानोच्या पट्ट्या खालीं-वर होत आहेत, हें दृश्य प्रथम पाहणारास भुताटकीसारखेंच वाटावें. परभणीसारख्या जिल्ह्यांत, जेथें गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग पेटी-पखवाजाच्या साथीनें म्हटले जातात, तेथें हें वाद्य क्वचितच दृष्टीस पडेल. तथापि पेटी ज्यानें एकदां उघडून पाहिली आहे, त्याला या पियानोचें कोडें निम्में उलगडलेलेंच असतें; आणि तो बसविणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा व्यवसायहि त्याच वाटेनें समजून घेणें सोपें जातें.

अमेरिकेंत एडविन व्होटी यानें १८९५ मध्यें ‘पियानोला’ सिद्ध केला. त्यांत वीज नव्हती. होता तो भाता. पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, पियानोलाचा ती शोषून घेतो, एवढाच फरक. छिद्रें पाडलेली कागदाची गुंडाळी सरकत जाई. छिद्र समोर आलें कीं आंत हवा शिरे, एक चिमुकला भाता मिटे आणि त्या स्वराची पट्टी दाबली जाई. १९०४ मध्यें जर्मनींत निघालेल्या वेल्टे-मिन्योन या यंत्रानें तर मूळ वादकाचा आघात हळू होता कीं जोराचा, हेंहि राखून ठेवलें. पुढें रेडिओ आला, ग्रामोफोन सुधारला, १९२९ ची मंदी ओढवली आणि हा धंदा बसला.

तो पुन्हा उठला विजेच्या आधारानें. १९७८ मध्यें अमेरिकेंत ‘पियानोकॉर्डर’ विक्रीस आला. त्यांत कागदाच्या जागीं कॅसेट होती आणि भात्याच्या जागीं तांब्याच्या तारेचें कुंडल. कुंडलांतून वीज गेली कीं त्यांतील लोखंडी दांडा उसळतो. पियानोची पट्टी तराजूच्या दांडीसारखी असते. दांड्यानें तिचें मागचें टोंक वर उचललें, कीं पुढचें खालीं जातें. अशा ८८ पट्ट्या. जुन्या पियानोंत हें यंत्र बसवावयाचें, तर पट्ट्यांखालची भक्कम फळी मागच्या बाजूस आडवी कापावी लागते. येथें सुताराचें मोजमाप चुकलें, तर विजेचें ज्ञान कांहीं कामाचें नाहीं.

परंतु कारागिराची खरी परीक्षा दुरुस्तींत होते. समजा, एक पट्टी मंद वादनाच्या वेळीं मुकी राहते, मोठ्या वादनांत मात्र नीट वाजते. नवखा मनुष्य लगेच विद्युत्-मंडलाकडे धांव घेईल. अनुभवी कारागीर आधीं वीज बंद करतो आणि ती पट्टी बोटानें अगदीं हळू दाबून पाहतो. बोटालाहि ती जड लागली, तर विजेचा कांहीं अपराध नाहीं. दमटपणानें फेल्ट फुगून तिनें खिळा आवळून धरला असेल. हलकी लागली, तर तो तिच्या कुंडलाची जोडणी शेजारच्या पट्टीशीं अदलाबदल करतो. मुकेपणा शेजारीं गेला, तर दोष वीज पुरविणाऱ्या मंडलांत. जागच्या जागीं राहिला, तर कुंडलांत. मग प्रत्येक पट्टी किमान किती जोरानें बोलते हें कानानें ठरवून तो जोर यंत्रांत नोंदवावयाचा. हें काम कंटाळवाणें खरें, पण तें टाळलें कीं उत्तम वादकाचें वादनहि बोबडें होतें.

परभणीकडच्या हवेंत हें सारें अधिकच कठीण. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, लांकूड सुकतें, स्वर उतरतात. मृग लागला कीं ध्वनिफलक फुगतो आणि स्वर चढतात. पियानोंत सुमारें २३० तारा असून त्यांचा एकूण ताण वीस टनांच्या आसपास जातो. पेटी लावणारा पितळी सूर टोंकाशीं खरडून चढवितो, मुळाशीं खरडून उतरवितो. पियानो लावणारा खुंटी फिरवितो. कान मात्र एकाच जातीचा लागतो. (ठरीव स्वर आणि मींडेचा अभाव यांमुळेंच ऑल इंडिया रेडिओनें १९४० मध्यें पेटीस बंदी केली होती, ती १९७१ मध्यें कांहींशी सैल झाली. पियानो त्या आक्षेपांतून सुटतो असें नाहीं.) त्यांतच विजेचा दाब कमीजास्त होतो, फेल्ट कसर खाते आणि उंदीर तारा कुरतडतात. या शत्रूंची ओळख पेटी दुरुस्त करणारास नव्यानें करून द्यावी लागणार नाहीं. त्याला तुटवडा पडेल तो सुट्या भागांचा आणि विजेच्या नकाशांचा.

लांकूड आणि कुंडल पुन्हा घडवितां येतें. यंत्राची स्मृति मात्र तशी घडवितां येत नाहीं. पियानोकॉर्डरचा विभाग पुढें यामाहाकडे गेला आणि तें उत्पादन बंद पडलें. यामाहाचाच ‘डिस्कलाव्हिअर’ फ्लॉपी चकतीवर वादन ठेवीत असे. पुढें चकत्या गेल्या आणि संगणकाच्या जाळ्यावरून वादन येऊं लागलें. जुन्या कॅसेटींवर आणि चकत्यांवर मात्र घरच्या माणसांचीं वादनेंहि असूं शकतात. आजीनें वाजविलेली एखादी चीज, तिच्या बोटांच्या नेमक्या जोरासह, त्या फितींत असते. फीत झिजली कीं ती गेली. म्हणून दुरुस्तीस आलेल्या कारागिरानें प्रथम मालकाजवळच्या फिती व चकत्या मागून घ्याव्या, त्यांची नवी प्रत करून ठेवावी आणि मगच पियानोचें झांकण उघडावें.