हॅलो... माझा आवाज येतोय का?

मंडळी, गेल्या काही महिन्यांत मी सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य कोणतं, सांगू? ‘हॅलो, माझा आवाज येतोय का?’

झालं असं, की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरात आम्ही दोघीच. घर कोथरूडला, ऑफिस हिंजवडीला. मॅनेजरकडे घरून काम करायची परवानगी मागितली. तो म्हणाला, ‘दोन महिने कर. पण क्लायंटचे कॉल तुटले, तर लगेच ऑफिसला यायचं.’ डन! घरात वाय-फाय आहे, मग टेन्शन कसलं?

टेन्शन पहिल्याच आठवड्यात कळलं. हॉलमध्ये सिनेमा एकदम सॉलिड चालायचा, पण माझ्या बेडरूममध्ये क्लायंटचा चेहरा उघड्या तोंडानं गोठायचा. दुपारी सव्वाचा कॉल तर हमखास तुटायचा. मग मी काय केलं? आपण सगळे करतो तेच. प्लॅन वाढवला, शंभरचा दोनशे एमबीपीएस. फरक? शून्य! इंटरनेट घरापर्यंत आधीही नीटच येत होतं. अडत होतं ते हॉलपासून माझ्या टेबलापर्यंतच्या वीस पावलांत.

शोकेसमधला राउटर

मॅनेजरनं शुक्रवारपर्यंतची मुदत दिली, तेव्हा कुठे डोकं चालवलं. मोबाइलवर सिग्नल मोजायचं ॲप घेतलं आणि घरभर फिरले. आकडा उणे डेसिबलमध्ये दिसतो. शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल दमदार. तीननं घसरला, की ताकद निम्मी! हॉलमध्ये उणे ४०, पॅसेजमध्ये उणे ५६ आणि माझ्या टेबलावर उणे ७८. म्हणजे हॉलमधल्या ताकदीचा जेमतेम सहा हजारावा हिस्सा.

कारण समोरच होतं. राउटर शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे. तिथून टेबलापर्यंत सरळ रेघ मारली, तर वाटेत टीव्ही, फ्रीज, बाथरूम आणि आजीच्या काळातलं लोखंडी कपाट! धातू लहरींना परत फिरवतो. आरशाच्या पाठीवर धातूचा थर असतो, तोही तेच करतो. पाणी लहरी शोषून घेतं, मग ते फिशटँकमधलं असो की माणसाच्या अंगातलं. काँक्रीटमधल्या सळ्या असतातच. पेठेतल्या जुन्या वाड्यात राहत असाल, तर जाड भिंतींचं वेगळं सांगायला नकोच.

गंमत म्हणजे, आपली ही डोकेदुखी दुसऱ्या कुणासाठी वरदान आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश! आकाशातून येणारे अतिक्षीण रेडिओ सिग्नल त्या टिपतात. जागा निवडताना तिथे रेडिओ गोंगाट कमी आहे आणि आजूबाजूचे डोंगर तो अडवतात, हेही पाहिलं होतं. तिथे डोंगर उपयोगी, इथे कपाट आडवं. फंडा एकच!

सव्वाचं रहस्य

आता तो दुपारचा कॉल. वाय-फायचे दोन नेहमीचे पट्टे, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचचा वेग जास्त, पण तो भिंतींपुढे लवकर हार मानतो. त्यामुळे माझा लॅपटॉप मुकाट्यानं २.४ वर यायचा. हा पट्टा भारतात जानेवारी २००५मध्ये विनापरवाना वापरासाठी खुला झाला. तिथे आता नुसती लक्ष्मी रोडची गर्दी! शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ... आणि मायक्रोवेव्ह. तोसुद्धा २.४५च्या आसपासच चालतो आणि त्यातून थोडी गळती होतेच.

‘अगं आई, दुपारी सव्वाला तू काय करतेस?’

‘काय करणार? तुझी भाजी गरम करते. कॉल संपला की गरम जेवायला मिळावं म्हणून.’

वॉकर धरून ती रोज स्वयंपाकघरात जात होती. ती चालू नये म्हणून मी घरी थांबले होते, आणि मला कॉलमधून उठायला लागू नये म्हणून ती चालत होती. काय बोलणार?

अखेर सुटलं

शनिवारी तापकीर गल्लीतून पंधरा मीटर लॅन केबल आणली. खर्च एका पिझ्झ्याएवढाही नाही. फायबरचा डबा शोकेसमध्येच ठेवला, राउटर पॅसेजमध्ये माळ्याच्या कडेला उंचावर टांगला. टेबलावर आकडा उणे ५६! लॅपटॉप आपोआप पाचच्या पट्ट्यावर गेला.

लक्षात ठेवा बॉस!

• राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर ठेवा. कपाटात, टीव्हीमागे नको.
• अँटेना उभी असेल, तर सिग्नल आडवा पसरतो. वरच्या मजल्यासाठी एखादी अँटेना आडवी करून बघा.
• २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ निवडा. हे तीन एकमेकांत मिसळत नाहीत.
• साधा रिपीटर तोच निरोप दोनदा सांगतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येऊ शकतो. केबलनं जोडलेला दुसरा राउटर बेस्ट.
• नुसता ताकदवान राउटर घेऊन भागत नाही. मोबाइलचा क्षीण आवाजही परत त्याच्यापर्यंत पोचायला हवा ना!
• सिग्नल भिंतीबाहेरही जातो. पासवर्ड दणकट ठेवा.

२००६मध्ये ‘अनवायर पुणे’ची घोषणा झाली होती, सगळं शहर वायरलेस होणार म्हणून. शहराचं जाऊ द्या, माझी दोन खोल्यांची रेंज शेवटी वायरनंच सोडवली!

पुढच्या शुक्रवारचा कॉल पंचेचाळीस मिनिटं चालला. एकदाही तुटला नाही. मॅनेजरनं अंगठा दाखवला. दारातून आईनं विचारलं, ‘आता भाजी गरम करू का?’

‘तू बस गं. आज मी करते.’