सायरन ओरडतो, इंडिकेटर गप्प

सकाळी साडेआठ. शटर वर जायच्या आतच फोन वाजला. सिंहगड रस्त्याच्या एका सोसायटीतले काका होते. "रात्री दोनदा बोंबलली गाडी, अख्खी सोसायटी खाली उतरली. तुम्ही आधी या आणि त्या भोंग्याची वायर तोडून टाका." पावसाळ्यात ऑटो इलेक्ट्रिशियनला असे फोन ठरलेलेच. पाणी, गंज आणि इंजिनाच्या उबेला येणारे उंदीर एकदमच कामाला लागतात. मी काकांना एवढंच विचारलं, "सायरन वाजताना इंडिकेटर लुकलुकत होते का?" त्यांना आठवेना. "वॉचमनला विचारून ठेवा, मी निघालोच."

सव्वानऊ. वॉचमन ठाम होता. "नाही दादा, लाइट एकही लागला नाही. नुसता भोंगा." रिमोटने गाडी लॉक करून पाहिली, तर इंडिकेटर व्यवस्थित लागले. म्हणजे अर्धा शोध इथेच संपला. दार, बॉनेट किंवा शॉक सेन्सरकडून खबर आली, की डॅशबोर्डखालचं मॉड्यूल सायरन वाजवतं आणि त्याच वेळी इंडिकेटरही लावतं. सायरन एकटाच वाजला, तर मॉड्यूलने तो वाजवलेला नाही. दोष सायरनमध्ये, नाहीतर त्याला जाणाऱ्या वायरींमध्ये.

हा सायरन स्वतःची बॅटरी असलेला होता. चोराने गाडीच्या बॅटरीची केबल काढली तरी आवाज थांबू नये, म्हणून अशा सायरनच्या पोटात छोटे रिचार्जेबल सेल असतात. बाहेरचा पुरवठा तुटला की तो आपणहून ओरडतो. पुरवठा चोराने तोडला की गंजाने, हे त्याला कळायला मार्ग नाही.

साडेनऊ. आधी गाडीची बॅटरी पाहिली, कारण ती रात्रीत उतरत असेल तरी अलार्म वेड्यासारखा वागतो. १२.५ व्होल्ट, उत्तम. मग सायरनची किल्ली. ती कागदपत्रांच्या पाकिटात निघाली, हे नशीबच. किल्लीने सायरन बंद न करता कपलर उपसला असता, तर तो तिथेच कानाशी किंचाळला असता. कपलरवर मीटर लावला, १२.४ व्होल्ट. इथेच पुष्कळ जण फसतात. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे गंजक्या जोडातूनही तो भरपूर व्होल्ट दाखवतो. म्हणून त्याच दोन टोकांना इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावला. आतली तार जेमतेम लालसर झाली. काळी वायर सोडून बल्बचं ते टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, तर बल्ब लख्ख. लाल वायर धडधाकट, काळी वायर म्हणजे अर्थ खराब.

काळी वायर फेंडरच्या आत एका पत्र्याच्या स्क्रूखाली दाबलेली होती. स्क्रू काढला तेव्हा वायरच्या टोकाचा लग हिरवा पडून बोटांत चुरा झाला. त्याच्याखाली पत्र्यावरचा रंग जसाच्या तसा होता. बसवणाऱ्याने तो खरवडलाच नव्हता, म्हणजे इतकी वर्षं सगळा अर्थ स्क्रूच्या आट्यांवर चालला होता. पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, नवा लग दाबून बसवला, नट-बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा बल्ब धरला. लख्ख.

"झालं ना?" काकांनी विचारलं. अजून नव्हतं. सायरन हलवला तर आत पाणी खळखळलं. खोलून दाखवला. सेल गळलेले, बोर्डावर पांढरी पूड, तांब्याचे ट्रॅक खाल्लेले. तो तोंड वर करून बसवला होता, त्यामुळे प्रत्येक पावसाचं पाणी त्यात साठत गेलं. असा बोर्ड दुरुस्त करून देणं मला पटत नाही, महिन्याभरात तीच बोंब पुन्हा होते. काका म्हणाले, "मग राहू दे ना तसाच, वायर मोकळी ठेवा." मी नको म्हटलं. वाहनांची चाचणी करणाऱ्या एआरएआय संस्थेची मान्यता असलेल्या चोरीविरोधी यंत्रणेसाठी विम्याच्या हप्त्यात थोडी सूट मिळते. ती घ्यायची आणि यंत्रणा मुकी करून ठेवायची, हे बरोबर नाही. खोट्या आवाजांमुळे लोक खऱ्या आवाजालाही खिडकी उघडत नाहीत. अलार्म पुन्हा विश्वासाचा करणं हेच आमचं काम आहे.

दुपारी बारा. नाना पेठेत जाऊन तशाच जातीचा सायरन घेतला.

दीड वाजता तोंड खाली करून तो बसवला. गाडी लॉक केली, अलार्म पूर्ण चालू होऊ दिला, मग काचेवर तळहाताने थाप मारली. सायरन आणि इंडिकेटर दोन्ही. सेन्सरचा स्क्रू थोडा कमी केला, ट्रक शेजारून गेल्यावर वाजू नये इतका. शेवटी बॉनेटवर पाईपने भरपूर पाणी सोडलं. शांत.

चार वाजता दुकानावर दुसरी गाडी आली. सायरन वाजताना हिचे इंडिकेटर लुकलुकत होते. बॉनेट स्विचची पिन गंजून अडकलेली. स्विच बदलला, वीस मिनिटांत गाडी परत.

सात वाजता काकांना फोन करून जे सांगितलं, तेच इथे सांगतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागासाठी मर्यादा ४५ डेसिबलची आहे. सायरन शंभराच्या वर जातो. तुमचा वाजला तर आधी इंडिकेटर पाहा, ते लागले होते की नव्हते एवढं मेकॅनिकला सांगा. आणि सायरनची किल्ली कुठे आहे, ती आज रात्रीच शोधून ठेवा.