पाहुण्याच्या मोटारीचा परवाना

लाखांदुरास पाहुणा आला म्हणजे त्याची गाडी अंगणांत, नाहींतर निंबाच्या सावलींत उभी राहते. तिला तेथें कोणी हटकीत नाहीं. म्हणून मुलीकडे लंडनला गेलेले आईबाप पहिल्याच आठवड्यांत बुचकळ्यांत पडतात. त्यांना भेटावयास लेस्टरहून भाचा यावयाचा असतो, आणि मुलगी त्याची खुशाली विचारण्याआधीं मोटारीचा नंबर विचारते!

ह्याचें कारण असें. तेथील कित्येक गल्ल्यांत घरें जुनीं, एकमेकांस खेटून बांधलेलीं. मोटारीला अंगण म्हणून नाहींच. १९५८ च्या जुलैंत मेफेअर भागांत, गाडी उभी करण्याचे पैसे घेणारीं लंडनमधील पहिलीं यंत्रें रस्त्यावर बसलीं. पुढें निवासी वस्त्यांतूनही नियंत्रित विभाग झाले. विभागाच्या तोंडाशीं पाटी असते. तिच्यावर निर्बंधाचे वार व तास लिहिलेले असतात. त्या तासांत रहिवाशांसाठीं राखलेल्या जागीं परवान्यावांचून गाडी ठेवतां येत नाहीं.

पाहुण्याचा परवाना सामान्यतः पाहुण्यानें नव्हे, तर यजमानानें आपल्या नगरपालिकेकडून घ्यावयाचा असतो. पूर्वीं तारीख खरवडून दाखविण्याचीं कार्डें मिळत. आतां बहुतेक ठिकाणीं मोबाईलवर गाडीचा नंबर आणि वेळ नोंदवितात. एक अक्षर चुकलें कीं परवाना दुसऱ्याच गाडीचा झाला असें समजावें. आधीं चहा घेऊं, मग नोंद करूं, हा आपला रिवाज तेथें महागांत पडतो. तपासनीस तेवढ्यांत येऊन गेलेला असतो. दंड चौदा दिवसांत भरल्यास निम्मा होतो, एवढाच दिलासा. वेम्ब्लीच्या क्रीडांगणाभोवतीं सामन्याच्या दिवशीं निराळेच निर्बंध असतात. तेथें भेटीचा दिवस ठरवितांना सामन्यांचें वेळापत्रकही पाहावें लागतें.

किमतीचा प्रश्न मात्र किरकोळ नव्हे. उत्तर लंडनमधील बार्नेटच्या नगरपालिकेनें २०११ सालीं पाहुण्याच्या एका चिठ्ठीचा दर एका पौंडावरून चार पौंडांवर नेला. एकट्या राहणाऱ्या वृद्धाकडे रोज कोणी डोकावणारें असेल, तर हें ओझें केवढें व्हावें! प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि जुलै २०१३ मध्यें उच्च न्यायालयानें ती वाढ बेकायदेशीर ठरविली. १९८४ च्या कायद्यानें दिलेला हा अधिकार वाहतुकीच्या व्यवस्थेसाठीं आहे, तिजोरी भरण्यासाठीं नव्हे, असा निकालाचा आशय. निकाल मला योग्य वाटतो.

कित्येक नगरपालिका एका घरास वर्षाला ठराविकच परवाने देतात; ते दिवाळीपर्यंत पुरवावे. आणि भाच्यानें ऐन वेळीं मित्राची गाडी घेतली, तर निघण्यापूर्वीं तिचा नंबर कळवावा.