नकोशा फोनची किंमत

दुपारचे जेवण ताटात वाढलेले आहे आणि तेवढ्यात फोन वाजतो. घाईघाईने हात धुऊन घ्यावा, तर पलीकडे ओळखीचे माणूस नाही. आधीच मुद्रित केलेला एक आवाज सांगतो की तुम्हाला फुकट सहलीचे बक्षीस लागले आहे. आपण फोन ठेवतो, दोन शब्द पुटपुटतो आणि पुन्हा पानावर येऊन बसतो. तोवर भात निवलेला असतो. एवढ्याशा त्रासासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? फोन करणाऱ्या व्यापाऱ्याचा सारा हिशेब याच प्रश्नावर उभा असतो.

या हिशेबाला अमेरिकेने जे उत्तर शोधले, ते आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्याचा आपल्या बेटाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, तो शेवटी सांगू.

१९९१ साली अमेरिकेत दूरध्वनी-ग्राहक संरक्षण कायदा झाला. थोरले जॉर्ज बुश तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. या कायद्याने नकोशा फोनला चक्क किंमत लावली. नियम मोडून केलेल्या एका फोनबद्दल ५०० डॉलर, आणि जाणूनबुजून केला असेल तर १,५०० डॉलरपर्यंत. पुढे २००३ साली राष्ट्रीय पातळीवर ‘फोन करू नका’ अशी यादी सुरू झाली. त्या यादीत आपला नंबर घातला की विक्रीसाठी फोन करणाऱ्यांनी त्या घराला त्रास देऊ नये, असा नियम झाला.

पण ५०० डॉलरसाठी वकील कोण करणार? वकिलाची फी त्याहून जास्त. म्हणून सामूहिक दावा, ज्याला तिकडे क्लास ॲक्शन म्हणतात, तो उपयोगी पडला. एकच तक्रार असलेल्या हजारो लोकांच्या वतीने एक-दोघे उभे राहतात. तक्रार खरोखर सारखीच आहे याची न्यायाधीश आधी खात्री करून घेतात आणि मग सर्वांचा दावा एकत्र चालतो. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. एक लाख फोन गुणिले ५०० डॉलर म्हणजे ५ कोटी डॉलर. हा आकडा पाहिला की मोठमोठ्या कंपन्याही तडजोडीला तयार होतात.

तडजोड ठरली की संबंधितांना टपालाने किंवा ई-मेलने सूचना जाते. ज्याला ती मिळाली त्याच्यापुढे चार वाटा असतात. अर्ज भरून आपला वाटा मागावा. दाव्यातून बाहेर पडून स्वतःचा वेगळा दावा लावण्याचा हक्क राखावा. तडजोड अपुरी वाटल्यास न्यायाधीशांकडे हरकत नोंदवावी. किंवा काहीच करू नये. ही चौथी वाट सर्वांत सोपी आणि सर्वांत तोट्याची. सहसा गप्प बसणाऱ्याला पैसाही मिळत नाही आणि पुढे दावा लावण्याचा हक्कही जातो.

किती जण गप्प बसतात? कॅपिटल वन या बँकेने आणि तिच्या वसुली संस्थांनी मोबाइलवर केलेल्या यांत्रिक फोनबद्दलचा दावा २०१४ साली सुमारे साडेसात कोटी डॉलरवर मिटला. ते फोन विक्रीचे नव्हते, थकबाकीचे होते. पण कायदा हाच. या दाव्यात सुमारे पावणेदोन कोटी लोक मोडत होते. अर्ज भरले जेमतेम चौदा लाखांनी, म्हणजे शंभरांतील आठांनी. वकिलांनी निधीचा ३० टक्के हिस्सा मागितला होता. न्यायाधीशांनी २०१५ साली तो २१ टक्क्यांच्या आत आणला, तेव्हा प्रत्येक अर्जदाराचा वाटा साडेचौतीस डॉलरवरून चाळिसाच्या घरात गेला. कायद्यात ५०० आणि हातात ४०! मोठ्या तडजोडीत असेच बहुधा घडते.

पण नेहमीच नाही. राजकीय मतचाचणीच्या नावाने फोन करून समुद्रसफरीचे आमिष दाखविणाऱ्यांविरुद्धचा दावा २०१६ साली मिटला, तो ५ कोटी ६० लाख ते ७ कोटी ६० लाख डॉलरवर. अर्जदारांना एका फोनमागे ५०० डॉलरपर्यंत देण्याचे त्यात ठरले.

तडजोड नाकारली तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. डिश नेटवर्क या दूरचित्रवाणी कंपनीसाठी एक विक्रेता ‘फोन करू नका’ यादीतील लोकांना फोन करीत होता. तो आमचा माणूस नव्हे, असे कंपनी म्हणाली. उत्तर कॅरोलायनातील ज्यूरीने २०१७ साली ते मानले नाही आणि ५१,११९ फोनना प्रत्येकी ४०० डॉलर ठरविले. कंपनीने २००९ सालीच ४६ राज्यांच्या महाधिवक्त्यांना नियम पाळण्याची लेखी हमी दिली होती. ती पाळली नाही, म्हणून न्यायाधीशांनी रक्कम तिप्पट केली. एकूण ६ कोटी १३ लाख डॉलर झाले. २०१९ साली अपील न्यायालयानेही हा निकाल कायम ठेवला.

आता कायद्याची धार थोडी बोथट झाली आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने आपोआप नंबर फिरविणाऱ्या यंत्राची व्याख्या अरुंद केली, त्यामुळे कित्येक दावे अवघड झाले. मुद्रित आवाजाचा आणि यादीचा नियम मात्र टिकून आहे.

आमच्या मते या साऱ्याचा धडा चाळीस डॉलरच्या चेकमध्ये नाही. क्षुल्लक वाटणाऱ्या अन्यायाची कोणीतरी नोंद ठेवली, तारीख लिहिली, ‘नको’ म्हटल्याचा पुरावा जपला, म्हणून कंपन्यांना धाक बसला. नोंद नसती तर दावाच उभा राहिला नसता.

आता आपल्या बेटाविषयी. आपली कितीतरी मुले-मुली कॉल सेंटरात बसून फ्रान्समधील घरांना फोन करतात. त्या घरांतही भात निवत असेल! फ्रान्सने २०२५ साली कायदा करून, ११ ऑगस्ट २०२६ पासून आधी संमती घेतल्याशिवाय विक्रीचे फोन करण्यास मनाई ठरविली आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्या घरच्या पगाराचा आहे. मुलांना आम्ही एवढेच सांगू: समोरचा ‘नको’ म्हणाला तर तो नंबर यादीतून काढा, आणि वरिष्ठ काढू देत नसतील तर ते लिहून ठेवा. आणि फोन घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की आपल्याकडेही २०१७ च्या डेटा संरक्षण कायद्याने, विक्रीसाठी आपली माहिती वापरू नका असे सांगण्याचा हक्क दिला आहे.

शेवटी एक सावधगिरी. अमेरिकेतील नातलगांना अशी सूचना आली तर ती रद्दीत टाकू नये, असे त्यांना जरूर कळवा. पण ‘तुमचे पैसे सोडवायला आधी फी भरा’ असे कोणी म्हणाले, तर ती लबाडी समजावी. खऱ्या तडजोडीत अर्जदाराने आधी काही भरायचे नसते.