तरुणांची फिर्याद आणि ‘कुंकू’

आदिलाबाद शहरालगतच्या मावल्यासारख्या गावी, जेथे अनेक घरांत मराठी आणि कचेरीत तेलुगू चालते, तेथील विशीतल्या मुलाने प्रभात फिल्म कंपनीच्या ‘कुंकू’ या चित्रपटावर आक्षेप घेतला, तर ‘तुला त्या काळाचे काय कळते?’ म्हणून त्याला गप्प करणे न्याय्य ठरेल काय?

ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी 1937 साली काढलेल्या या चित्रपटात, फसवणुकीने वृद्ध वकील काकासाहेबांच्या गळ्यात बांधलेली नीरा त्यांची पत्नी म्हणून नांदण्यास साफ नकार देते, आणि भिंतीवरचे घड्याळ टिकटिकत काकासाहेबांना सरत्या वयाची जाणीव करून देत राहते. तरुण मुलीच्या फिर्यादीला दाद मिळावी हाच ज्या कलाकृतीचा आग्रह, तिच्याविषयी तरुणांचेच म्हणणे फेटाळणे ही उघड विसंगती होय.

शेवटी नीरेची सुटका काकासाहेबांच्या आत्महत्येनेच का व्हावी, हा तरुणांचा प्रश्न रास्त आहे; त्याचबरोबर, तेव्हा मुंबई इलाख्यातील उच्चवर्णीय हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदेशीर मार्ग नव्हता, तो तेथे 1947 च्या कायद्याने आणि जवळजवळ देशभर 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने खुला झाला, हेही त्यांनी जाणून घेतले पाहिजे.

म्हणून मताचे मोल वयावरून न ठरवता, कलाकृती संपूर्ण पाहून व तिचा काळ समजून घेऊन ते मांडले आहे की नाही, यावरून ठरवावे. आणि हीच कसोटी वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या स्तुतीलाही लावावी.