मुद्दल शाबूत, पण मोल शाबूत आहे काय?

धर्मादाय निधीची व्यवस्था हा आम्हां व्यापारी मंडळींच्या नित्य परिचयाचा विषय आहे. म्हणूनच स्वीडनमधील नोबेल न्यासाचा जमाखर्च सभासद बंधुभगिनींपुढे येथे थोडक्यात मांडीत आहो.

आल्फ्रेड नोबेल यांनी १८९५ साली मृत्युपत्र केले व १८९६ साली ते निवर्तले. त्यांच्या संपत्तीतून सुमारे ३ कोटी १० लक्ष क्रोनरचा निधी उभा राहिला. ही रक्कम ‘सुरक्षित रोख्यां’त गुंतवून तिच्या व्याजातून पारितोषिके द्यावीत, अशी त्यांची इच्छा होती. १९०० साली न्यास स्थापन झाला आणि १९०१ साली प्रत्येक पारितोषिकास १,५०,७८२ क्रोनर लाभले.

‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ त्या काळी मुख्यत्वे निश्चित व्याजाचे रोखे व तारणावरील कर्जे असाच घेतला गेला. त्यामुळे मुद्दलाचा आकडा शाबूत राहिला. परंतु महायुद्धांच्या काळातील महागाईने त्याचे मोल पोखरले. त्यात करांचा बोजा पडला. १९२३ साली पारितोषिक १,१४,९३५ क्रोनरवर उतरले. तो आजवरचा नीचांक होय. वहीत मुद्दलाची तूट दिसत नव्हती, तरी न्यास मात्र दुबळा होत चालला होता.

१९४६ साली स्वीडनने न्यासास करमुक्ती दिली. १९५३ साली गुंतवणुकीचे नियम सैल होऊन कंपन्यांचे भाग व स्थावर मालमत्ता घेण्याची मुभा मिळाली. तरीही १९०१ चे मूळ मोल पारितोषिकास पुन्हा प्राप्त होण्यास १९९१ साल उजाडावे लागले.

येथे कोणी म्हणेल, मग सारा पैसा भागभांडवलातच घालावा. तसेही नव्हे. बाजार चढतो तसा उतरतोही. उत्पन्नापेक्षा खर्च वाढू लागला तेव्हा २०१२ साली विश्वस्तांनी पारितोषिक १ कोटी क्रोनरवरून ८० लक्षांवर आणिले. जगासमोर हात आखडता घेण्याचा संकोच त्यांनी बाळगला नाही. पुढे निधी सावरताच २०२० साली ते पुन्हा १ कोटी व २०२३ साली १ कोटी १० लक्ष झाले.

आपली वसतिगृहे व विद्यार्थी-साहाय्यक निधी यांचे हिशेब वार्षिक सभेत वाचले जातात, तेव्हा ‘मुद्दल कायम’ हे शब्द ऐकून आपण समाधान मानतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा, अशी आमची नम्र सूचना आहे: दात्याने दिलेल्या रुपयात त्या वेळी जितक्या विद्यार्थ्यांची फी भागत होती, तितक्यांची आज भागते काय?